काकूंकडची संध्याकाळची शाळा

काकू गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, अविनाशचा आला. ऐकता ऐकता मनात आलं, आता सुधाला ओळखणारी मी एकटीच उरले... सुधा त्याची थोरली बहीण, माझी शाळेतली मैत्रीण. ती गेली तेव्हा हा पाळण्यात होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब गिरगावातून बेलापूरच्या नव्या वसाहतीत आलं. गावातली मराठी शाळा म्हटलं की शेजारणी नाक मुरडायच्या. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका सकाळी बाईंना विचारून आमच्या दुसरीच्या वर्गात मागे येऊन बसल्या. बाई एकच, वर्ग दोन. एकाला पाढे म्हणायला लावून त्या दुसऱ्याला धडा शिकवायच्या. शाळा सुटल्यावर काकू त्यांना म्हणाल्या, "तुम्ही छान शिकवता. वेळ पुरत नाही तुम्हाला. उरलेलं मी घरी बघते." सुधाचं नाव तिथेच घातलं. मी गावातली, आगऱ्यांची पोर. सुधाशेजारी बसायचे म्हणून संध्याकाळी मलाही बोलावणं आलं. काकू तांदूळ निवडता निवडता वजाबाक्या घालायच्या, वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून मोठ्यानं वाचायला लावायच्या.

तिसरीत सुधाला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. काकूंचं दार बंद झालं. मीही घरी पुस्तकाला हात लावेना. शेवटी माझी आई, जी कधी शाळेची पायरी चढली नव्हती, मला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेली. "बाय, तुजं दुक मोठं हाय, मना कलतं. पन ही पोर घरान पुस्तक उघरीत नाय. हिला बसव गो तुजे जवल." काकूंनी मला आत घेतलं. त्या संध्याकाळी वाचताना मी अडले की त्या नुसतं शब्दावर बोट ठेवायच्या.

मी दहावी झाले, पुढे नर्स झाले. तोवरच्या साऱ्या परीक्षांचा अभ्यास त्याच घरात झाला. सुधाचं नाव मात्र काकूंनी पुन्हा घेतलं नाही.

तेराव्याला अविनाशनं मला आतल्या खोलीत नेलं. सगळं घर रंगवलेलं, खिडकीखालचा भिंतीचा तुकडा तेवढा जुनाच. त्यावर तेल लावलेली डोकी टेकून पडलेले दोन डाग, शेजारी शेजारी.

"आईनं इथे कधी ब्रश लावू दिला नाही," तो म्हणाला. "का, ते सांगितलं नाही."

मी खाली बसले. खिडकीकडच्या डागावर हात ठेवला.

"इथे तुझी ताई बसायची."