तळाला पाणी लागलं तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा कळू दिलं नाही—आणि त्यांना तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून कळायचं की मी कढईत मीठ जास्त टाकलंय! तुला सांगते. का, ते विचारू नकोस. हसू आलं तर हस खुशाल, कारण निम्मी गोष्ट हसण्याचीच आहे.

आम्ही भोई. तापीच्या काठी, कोरीटच्या खालच्या अंगाला आमची चार घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एक जुनी नाव होती. सासऱ्यांनी ती उमेदीच्या काळात विकत घेतलेली, आणि तिचा तळ असा कुजलेला की हे जाळं टाकायचे आणि मी डब्यानं पाणी उपसायची. मासे कमी, पाणीच जास्त. मला त्याचीही गंमत वाटायची. नवी नवरी होते, त्यांच्याबरोबर नदीत जायला मिळतंय हेच मोठं.

शेवटी सासऱ्यांनी ठरवलं—तळ नवा घालायचा. पण खर्च? सागाच्या फळ्या, खिळे, फटीत ठोकायला कापूस, वरून राळ आणि तेल, शिवाय मिस्तरीची मजुरी. नवे पैसे नुकतेच आले होते. सासरे आण्यांत हिशेब करायचे, हे नव्या पैशांत, आणि दोघांची रोज जुंपायची. सासूबाईंनी दोन्ही शेळ्या विकल्या. तेवढ्यात म्हसावदला एका पाटलांनी जुनं घर उतरवलं आणि त्याच्या तुळया स्वस्तात मिळाल्या. सागाच्या, खणखणीत. मिस्तरीला निम्मी मजुरी आधी, निम्मी नाव पाण्यात उतरल्यावर, असं ठरलं.

मिस्तरी म्हणजे करीमचाचा, नंदुरबारचे. काठावरच्या लिंबाखाली त्यांनी कामाला सुरुवात केली. माणूस हसरा. उरलेल्या लाकडाचा मला पोळपाट करून दिला, मागितलाही नव्हता.

काम संपलं त्या दुपारी घरात मी एकटीच होते. पुरुष नदीवर, सासूबाई बाजारात मासे विकायला. चाचांना शहाद्याला दुसरं काम होतं, ते थांबणार नव्हते. जाताना मला म्हणाले, “पोरी, सासराले सांग, नाव आठ दिवस पानीमा बुडाडी ठेवा. बहू वाळेल लाकूड शे. पानी पी, फुगी जाई, मंग थेंब बी मझार येवाव नही.”

आठ दिवस पाण्यात बुडवली की फार वाळलेलं लाकूड फुगणार, मग आत थेंबही येणार नाही. हो म्हटलं मी. मान डोलावून हो म्हटलं.

आता तू म्हणशील, भोयांना हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं की. पण आमच्या नावांचं लाकूड ओलसर, एका रात्रीत फुगायचं. पिढ्यान्‌पिढ्या घराच्या छताखाली वाळलेला साग कुणी कधी नावेला लावलाय? सासरे एक रात्र नाव पाण्यात ठेवणार आणि पुरे म्हणणार, हे मला माहीत होतं. आणि आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती.

आखाजीला मी माहेरी जायची. माहेर पलीकडे, ब्राह्मणपुरीच्या बाजूला. उन्हाळ्यात उतारावरून पायीही जाता यायचं—लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, चपला हातात घेऊन, सगळ्याजणी जातात तशी. पण मी मैत्रिणींना निरोप धाडून बसले होते की यंदा नव्या नावेतून येईन, हार घातलेल्या! आता नाव आठ दिवस बुडवून ठेवायची म्हणजे? म्हणून नाही सांगितलं. विसरले असं मनाला पटवायचा प्रयत्न केला, पण विसरले नव्हते. थोडं झिरपेल, कोण बघतंय—इतकाच विचार केला, आणि झोपही छान लागली.

निघालो. नावेला हळदकुंकू, झेंडूचा हार, मी मधोमध नव्या लुगड्यात, मांडीवर सांजोऱ्यांची टोपली. सासरे पुढे, हे वल्ह्यावर, सासूबाई आणि दोघी नणंदा गौराईची गाणी म्हणत. डोहाच्या मध्यावर आलो आणि माझ्या पायाच्या बोटांना गार लागलं. मग घोट्याला. मी काय केलं असेल? आणखी मोठ्यानं गायला लागले. कुणाचं खाली लक्ष जाऊ नये म्हणून असा आवाज लावला की सासूबाई कौतुकानं बघायला लागल्या—आणि तेवढ्यात टोपलीतून घसरलेल्या दोन सांजोऱ्या तरंगत त्यांच्याकडे गेल्या.

पुढचं काय सांगू! पूजेच्या तांब्यानं, ताटानं, हातानं, पदरानं पाणी उपसत, ओरडत, हसत आम्ही पलीकडे लागलो. काठावर मैत्रिणी पोट धरून लोळत होत्या. इतकी मजेची आखाजी मला परत मिळाली नाही, आणि हे मी लाज सोडून सांगते. झोका घेताना आठवण आली की हात सुटतील इतकं हसायचो.

सासरे मात्र व्याह्यांसमोर ओशाळले. “लुटी गया हाऊ मिस्तरी,” एवढंच म्हणाले. परतताना रागात नाव आमच्या काठाला उथळ पाण्यात तशीच बुडू दिली आणि ढुंकून पाहिलं नाही. मी आठ-दहा दिवसांनी माहेराहून आले तेव्हा ह्यांनी सहज उपसून बघितली. तळ कोरडा. पुन्हा पाण्यात ढकलली, आत बसून राहिलो, वाट बघितली. कोरडाच!

तापीमाईनं फटी बुजवल्या, असं सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना पटलं. नारळ फोडले, ढोल आणला, चारही घरांचं जेवण काठावर झालं. मी वाढत होते. तेव्हा तरी बोलावं की नाही? सगळे इतके आनंदात होते—आणि मीही होते.

नंतर चाचा उरलेली मजुरी घ्यायला आले. तळ बघून खूश झाले. सासरे म्हणाले, हे तुझं काम नाही, माईचं आहे, तुझी नाव तर डोहात बुडत होती. पैसे द्यायला साफ नकार. चाचांनी दाराआड माझ्याकडे एकदाच बघितलं. मी पदर पुढे ओढला. “बहूले सांगेल व्हतं,” एवढं त्यांनी म्हटलं असतं तर पुरे होतं. सून असल्या गोष्टीत सापडली तर तिचं घरात काय होतं, ते त्यांना माहीत असणार. ते म्हणाले, “माईनी किरपा,” आणि हत्यारांची पिशवी उचलून गेले. पुढे बोभाटा झाला. आमच्या काठावर त्यांना परत कुणी नावेचं काम दिलं नाही.

तो तळ नाव मोडेपर्यंत टिकला. काठावरचं जेवणही दर वर्षी सुरूच राहिलं. नातवंडं महिनाभर आधीपासून विचारायला लागतात, ढोल कोण वाजवणार यावरून भांडतात, आणि मी त्यांच्यात बसून पोटभर जेवते, हसते, गाते. पहिलं ताट नदीला द्यायचा मान घरात वडील म्हणून माझा. ते पाण्यात सोडताना नाव घ्यावं लागतं—कुणी आपली नाव तारली त्याचं. कुणाचं घ्यायला हवं ते मला ठाऊक आहे. सगळे ऐकत उभे असतात. यंदाही मी तापीमाईचंच घेतलं.