एका पिंजऱ्यात चार नर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून अर्धा तास बोललो, त्यातही नाही. लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा किराण्याची यादी करून उठलो. आता वय सत्त्याहत्तर. हात थरथरतो — पण न लिहिण्याचं कारण ते नव्हतं. कारण वेगळं आहे, आणि त्याच्याकडे सरळ चालत जाता येत नाही, म्हणून थोडा वळसा घेतो. चालेल ना?

नव्वदच्या दशकात मी नगर जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवत होतो. इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे एक पत्र्याची लांबट खोली होती. तिथे पांढरे उंदीर वाढवायचे, औषधांच्या प्रयोगांसाठी. पैदाशीची रीत ठरलेली : एका पिंजऱ्यात एक नर, दोन माद्या. माद्या गाभण राहिल्या की नर वेगळा काढायचा. कागदावर त्या खोलीचा प्रमुख मी होतो. काम लहानू करायचा.

लहानू खर्ड्याचा. माझ्याच वयाचा, रोजंदारीवर, सहा वर्षं. त्याआधी नवरा-बायको दर हंगामाला ऊसतोडीला पुणतांब्याच्या बाजूला जायचे. या कामामुळे हातातला कोयता सुटला, आणि दोन्ही मुली एका शाळेत सलग बसायला लागल्या. तपासणी समितीची भेट नीट पार पडली की त्याला कायम करायचं, हे प्राचार्यांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं. हे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

मी जे पुस्तकात वाचलं होतं ते त्याच्या हाताला कळायचं. मादी गाभण आहे हे तो उचलताक्षणी सांगायचा. एका थोराड नराला त्यानं सरपंच नाव दिलं होतं. पिंजऱ्यात अंथरलेलं तूस बदलताना त्याच्याशी गप्पा चालायच्या. "सरपंच, दोन-दोन बायका! गावात बोभाटा व्हईल की वो." मी दारात उभा राहून हसायचो. आमचं बरं चाललं होतं. म्हणून तर हे जास्त टोचतं — की तसं म्हणणंसुद्धा स्वतःचा चांगुलपणा मिरवणंच आहे?

समिती यायला एक दिवस होता. गंजलेले पिंजरे वेल्डिंगला गेले होते आणि ते आलेच नाहीत. मांडणीवर ओळ एकसारखी दिसायला हवी होती. सरपंच आणि आणखी तिघे, असे चार नर नुकतेच माद्यांपासून वेगळे काढले होते. त्यांना जागा नव्हती. मी म्हटलं, चौघांनाही मोठ्या पिंजऱ्यात टाक.

"नगं सर. फाडतील यकमेकाला."

"अरे, भाऊच आहेत ना? एकाच पिंजऱ्यात वाढले."

"हुते भाऊ. आता परत्येकाचा संसार झालाय. वास बदलतो त्यांचा. त्यात माद्या हितंच, ह्याच खोलीत."

"तुमच्या गावातली भावकी समजलास काय?"

मी हसलो. मी हसलो म्हणून तोही हसला. पण दारापर्यंत माझ्यामागे आला आणि म्हणाला, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, मी चौघांना चार खोक्यांत ठेवतो, घरी नेतो पाहिजे तर. तेव्हा मी जे बोललो ते माझ्या कानात अजून तसंच आहे. मी म्हणालो, "लहानू, इथं शिकलेलं कोण आहे?"

त्यानं चौघांना एका पिंजऱ्यात टाकलं.

आणि त्याच्या सवयीप्रमाणे पिंजऱ्याला चिठ्ठी बांधली. प्रत्येक पिंजऱ्यावर तो एक चिठ्ठी बांधायचा — कोण आत आहे, कधीपासून. या चिठ्ठीवर शेवटी एक ओळ जास्त होती : सरांनी सांगितल्यावरून.

सकाळी समितीच्या आधी मी पोचलो तेव्हा लहानू जमिनीवर बसून सरपंचाच्या पाठीला हळद लावत होता. जखम एवढी होती की हळद त्यात दिसेनाशी होत होती. दोन उंदीर मेलेले. तिसरा कोपऱ्यात, अंगावरचे केस फुलवून, दात कटकट वाजवत. लहानूनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलला काहीच नाही. बोलला असता तर? "सांगितलं हुतं न्हवं?" एवढं जरी म्हणाला असता, तर मला त्याची बाजू घ्यायला कदाचित सोपं गेलं असतं. पाहिलंत? अजूनही त्याच्यावरच ढकलतोय.

पिंजरा झाकायच्या आतच समितीतले गृहस्थ आत आले. त्यांनी चष्मा काढून पाहिलं आणि एकच विचारलं : पैदाशीचे नर एकत्र कुणी ठेवले? प्राचार्यांनी मला दुपारपर्यंत लेखी खुलासा द्यायला सांगितलं.

मी आधी ती चिठ्ठी पिंजऱ्यावरून सोडली. शर्टाच्या खिशात घातली. मग लिहिलं — "सदर इसमाने माझी परवानगी न घेता, निष्काळजीपणाने चार नर एकत्र ठेवले." खाली सही केली. हस्ताक्षर चांगलं आलं होतं.

कुणीही मला उलट प्रश्न विचारला नाही. का विचारला नाही? माझं आडनाव आणि त्याचं आडनाव प्राचार्यांच्या खोलीत आमच्याआधीच येऊन बसलेली होती. त्याच्या वस्तीतल्या माणसाकडून हयगय होणार, माझ्यासारख्याकडून नाही — हे तिथं कुणाला बोलून दाखवायची गरज नव्हती. लिहितानाच मला ते ठाऊक होतं. त्या भरवशावरच तर लिहिलं.

पण थांबा, अजून मूळ गोष्ट आलेली नाही. खोटा खुलासा भीतीपोटी लिहिणारे पुष्कळ असतात. मी त्याच्याही पुढे गेलो.

लहानूला आत बोलावलंच नाही. तो बाहेर कडुनिंबाखाली बसून होता. मी बाहेर आलो तसा उठला. "काय म्हनले, सर?"

आणि मी म्हणालो, "मी पुष्कळ भांडलो रे. ऐकत नाहीत."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो धरू दिला.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. जाण्याआधी त्यानं सगळ्या पिंजऱ्यांतलं पाणी बदललं. सरपंच चौथ्या दिवशी गेला. चिठ्ठी खिशातच राहिली होती. बायकोनं शर्ट धुतला आणि चिठ्ठीचा लगदा झाला. आता त्या ओळीला साक्षीदार मी एकटा.

गेल्या उन्हाळ्यात मी एसटीनं खर्ड्याला गेलो. वाटभर एकच वाक्य घोळवत होतो : लहानू, तो कागद मी लिहिला होता, मला माफ कर. जामखेडला गाडी बदलली तेव्हा ते पाठ होतं. किल्ल्याच्या बाजूनं विचारत विचारत त्याचं घर सापडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आम्ही दोघं बसलेलो. पुन्हा उसाच्या मोळ्या वाहून वाहून त्याचा एक खांदा खाली उतरला होता. थोरलीचं विचारलं. म्हणाला, "ती फडातच मोठी झाली, सर. धाकटी थोडं शिकली." त्यात तक्रार नव्हती. त्याच्या बायकोनं चहा आणला.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला —

"सर, चूक माझीच हुती. मी अजून नेटानं सांगाया पायजे हुतं तुमाला. मुकी जनावरं गेली. पर तुमी माझ्यासाठी भांडलात, ते मी पोरींना कायम सांगतो."

वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं.

मी म्हणालो, "चहात आलं छान उतरलंय."

"आजून घ्या की," तो म्हणाला. मी बशी पुढे केली.