मराठीचा तास, साडेअकरा ते साडेबारा

शुक्रवारी मी अक्काला म्हणाले, "मग मर तिथंच," आणि फोन बंद केला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती सांगलीला राहायची. चार दिवस तिला धाप लागत होती, बोलताना वाक्य मधेच तुटत होतं, तरी दवाखान्यात जायला तयार नव्हती. मी इकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात, मुलाच्या घरी. इथून तिला दंडाला धरून रिक्षात घालता येत नव्हतं, म्हणून जिभेने ढकललं. आमच्यात असं बोलणं नवीन नव्हतं. पण शनिवारी तिच्या मुलाने तिला उचलूनच नेलं आणि तिला थेट आयसीयूत ठेवलं. मग ते बोलणं मला टोचायला लागलं.

भाच्याचा फोन आला. भेटायची वेळ दिवसातून एकदाच, सकाळी साडेअकरा ते बारा. एकच माणूस आत सोडतात. तिथली नर्स पाच मिनिटं फोन दाखवू देईन म्हणाली होती. "आणि मावशी," तो म्हणाला, "बुधवारी सकाळी घशात नळी घालणार आहेत. मग तिला बोलता येणार नाही. त्याच्या आत काय बोलायचं ते बोलून घे."

रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस, रोज पाच मिनिटं. मला एकच गोष्ट करायची होती. शुक्रवारचं बोलणं मागे घ्यायचं होतं.

मी चौथी शिकलेली बाई आहे, पण घड्याळ मला चांगलं कळतं. इथे सप्टेंबरच्या शेवटी सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे करतात आणि एप्रिलमध्ये परत मागे घेतात. हिवाळ्यात भारत आमच्या साडेसहा तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेसात. माझ्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मी कायम भारताच्या वेळेवर ठेवते आणि त्याला कोणाला हात लावू देत नाही. सून म्हणते, "आई, तुमचा गोंधळ होईल." माझा कधी झाला नाही. नेमका त्याच रविवारी पहाटे इथला तास पुढे गेला. म्हणजे तिकडचे साडेअकरा म्हणजे इकडचे संध्याकाळचे सात. शनिवारीच मी ते कागदावर मांडून दोनदा तपासलं होतं.

रविवारी दुपारी मुलगा ऑकलंडला गेला. माउंट वेलिंग्टनला त्याचं ऑफिस आहे, आठवड्यातले तीन-चार दिवस तो तिकडेच मित्राकडे राहतो. सून 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. वसंतात इथे दुधाला पूर येतो, कारखाना सातही दिवस चालतो, आणि त्या आठवड्यात तिची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा होती. आत फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घरात मी आणि अकरा वर्षांची नात. माझ्या फोनला इथलं सिम नाही. मुलाचा जुना फोन आहे, घरातल्या वायफायवर चालतो. "मला कशाला सिम, मी कुठे जाते," असं मीच म्हणाले होते.

सात वाजता फोन लावला. पडद्यावर गोल चाक फिरत राहिलं. पुन्हा लावला. पुन्हा चाक. नातीला हाक मारली.

"नेट इज डाउन, आजी."

"मग चालू कर."

"आय कान्ट." खांदे उडवून ती खोलीत गेली.

साडेसात वाजले. पावणेआठ झाले. आठ वाजता नेट आपोआप आलं आणि भाच्याचे निरोप एकावर एक येऊन पडले. 'मावशी, लाव.' 'मावशी, आई बघतेय.' शेवटचा होता, 'बाहेर काढलं मला. उद्या नक्की.'

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू किती वाजता लावलास?"

"सातला."

"नव्या सातला की जुन्या सातला? आज घड्याळ पुढे गेलंय ना. तुझ्या खोलीतलं बघून लावला असशील."

"मला शिकवू नकोस. नेट गेलं होतं."

"नेट चालू आहे म्हणून तर आपण बोलतोय, आई."

इंजिनिअर माणूस. त्याने तिकडूनच काहीतरी बघितलं आणि सांगितलं की सगळं ठीक आहे. "आणि त्या वायफायच्या डब्याला हात लावू नकोस हं," हेही सांगितलं. कारण एकदा मिक्सर लावायला मी वायफायच्या डब्याची पिन काढली होती, आणि त्याची पुण्याच्या लोकांशी चाललेली मीटिंग तुटली होती. तेव्हा तो माझ्यावर ओरडला होता. नंतर मी त्या डब्यावरची धूळसुद्धा पुसली नाही.

सोमवारी मी साडेसहापासून फोन हातात धरून बसले. सहा एकोणसाठला फोनवर नेटची खूण होती. सातला गेली. पुसून टाकावी तशी. मी घराबाहेर पडले. शेजारच्यांकडे वायफाय आहे, पण शाळेला सुट्टी लागलेली, ते समुद्रावर गेले होते. पुढच्या दोन घरांच्या घंट्या वाजवल्या. एकात कुत्रं भुंकलं, एकात कोणीच नाही. रस्त्यावर उभी राहून मी फोन वर धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. वेड लागल्यासारखी. एक माणूस चालत आला, हसून "किया ओरा" म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. मला इंग्रजी येत नाही. मी फोन त्याच्या पुढे केला आणि म्हणाले, "नेट, नेट." त्याने फोन घेतला, चार पावलं मागे गेला आणि माझा फोटो काढला. छान आलाय असं हाताने दाखवून फोन परत दिला आणि गेला.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. साडी, वर मुलाचं जॅकेट, पायात रबरी चपला, तोंड उघडं. वेळ सात वाजून सोळा मिनिटं. त्या वेळी अक्का तिकडे माझी वाट बघत होती.

आठला नेट आलं. भाच्याचा आवाज बदललेला होता. "मावशी, तुला बोलायचं नसेल तर तसं सांग. मी तिला काहीतरी सांगेन. ती दोन दिवस विचारतेय, रागावली का म्हणून."

"रागावले नाही. नेट जातं."

"रोज बरोबर त्याच वेळी?"

त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. मुलाला परत फोन केला, तर तो सुनेच्याच आवाजात बोलायला लागला, म्हातारं माणूस चुकलं की बोलतात तसं, हळू आणि गोड. "आई, उद्या मी तुला सातला आठवण करून देतो हां." म्हटलं, "नेट नसताना आठवण कशी करून देणार, डोंबल?" तो हसला. मी त्या रात्री जेवले नाही. सून आली तेव्हा तिलाही काही सांगितलं नाही. एक तर तिचे पाय सुजलेले असतात, आणि दुसरं म्हणजे तीही घड्याळाचंच म्हणाली असती.

मंगळवारी सहाला नातीला वाढलं. वरण-भात, बटाट्याची भाजी. ती एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हातात टॅब्लेट. कोणीतरी मांजराला टोपी घालत होतं, ती खिदळत होती. मी म्हटलं, "जेवताना बंद कर. मराठीचा तास आहे." आणि म्हणता म्हणता थांबले.

मराठीचा तास माझ्यामुळेच सुरू झालेला. जुलैमध्ये मीच हट्ट धरला होता. पोरीला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. जेवायला बसलं की तिघांची तीन यंत्रं. मी मुलाला म्हणाले, रोज संध्याकाळी सहा ते सात घरातलं नेट बंद. सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि मराठीत बोलायचं. तो म्हणाला, डब्यातच तशी वेळ लावून देतो, आपोआप बंद, आपोआप चालू. मी वर म्हणाले, "असं कुलूप लाव की कोणी रडलं तरी उघडायचं नाही. मी रडले तरी नाही." तो हसून म्हणाला, "पासवर्ड फक्त माझ्याकडे."

आणि आता सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मांजराचा व्हिडिओ चालू होता.

"काल पण चालू होतं का? सहा वाजता?"

नातीने माझ्याकडे बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखं. "सिन्स संडे," ती म्हणाली. "आय थॉट बाबा टर्न्ड इट ऑफ."

बाबाने काही बंद केलं नव्हतं. घरातली सगळी घड्याळं पुढे गेली होती, त्या डब्याचं गेलं नव्हतं. त्याचे सहा आमच्या सातला वाजत होते. मी लावलेलं कुलूप तीन दिवस माझ्याच तोंडाला लागत होतं.

माझ्याकडे पन्नास मिनिटं होती. मुलाला फोन लावला. उचलला नाही, पुण्याच्या मीटिंगमध्ये असणार. परत लावला. नऊ वेळा लावला. बोलून निरोप ठेवला, "डबा चुकलाय, सातच्या आत उघड, उद्या नळी आहे." सुनेला लावला, तो तिच्या लॉकरमध्ये वाजत असणार. भाच्याला लावला. तो म्हणाला, "मावशी, मी दाराबाहेरच आहे, पण साडेअकराच्या आत सोडत नाहीत. पाया पडलो, तरी नाही." पावणेसातला परत मुलाला. सहा पंचावन्नला परत. नात ताट घेऊन गुपचूप उठून गेली.

सात वाजले. खूण गेली.

मी डब्यासमोर उभी राहिले. मला काही सुचलं नव्हतं. मला फक्त त्याला मारायचं होतं. मारण्याऐवजी पिन भिंतीतून ओढून काढली. सगळे दिवे विझले. मग परत खुपसली, कारण विझलेल्या डब्याचा तर काहीच उपयोग नव्हता. लाल दिवा लागला, मग पिवळा, मग बराच वेळ काही नाही. मग हिरवा. आणि फोनवर नेटची खूण आली.

मी विचार केला नाही, फोन लावला. भाच्याने पहिल्या घंटीला उचलला आणि फोन फिरवला.

अक्का. तोंडावर मास्क, केस विस्कटलेले. मला बघून तिने मास्क खाली ओढला.

"अक्का, ऐक. शुक्रवारचं बोलणं मागे घेते."

"काय... बोललीस?"

"मर म्हणाले होते."

"ते तू..." तिने श्वास घेतला. "दर आठवड्याला म्हणतेस."

"या वेळी खरं वाटलं."

"कुणाला?"

"मला."

ती हसली आणि खोकायला लागली. भाचा म्हणाला, "आई, मास्क लाव, बोलू नको." तिने त्याचा हात बाजूला केला. बोट माझ्याकडे केलं, लहानपणी मला दटावताना करायची तसं.

"आता तू ऐक," ती म्हणाली. "तुझं..."

आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं, बोट वर. मला वाटलं ती गेली. मग कळलं, नेट गेलं.

मी परत पिन काढली, परत लावली. लाल, पिवळा, काही नाही, हिरवा. फोन लागला तेव्हा भाचा बाहेर उभा होता. "फोनची पाच मिनिटं झाली म्हणाले, मावशी. तिला धाप लागली म्हणून काढलं मला."

"ती काय सांगत होती?"

"मास्क लावला तिला. पुढचं बोलली नाही."

बुधवारी नळी घातली.

गुरुवारी मुलगा आला, लॅपटॉप उघडून डब्याच्या सेटिंगमध्ये शिरला. त्याने डबा भारताच्या वेळेवर ठेवला होता. त्याचं निम्मं काम पुण्याशी चालतं, म्हणून सगळंच तसं. मराठीचा तास लावताना त्याने मनातल्या मनात साडेसहा तास वजा करून साडेअकरा ते साडेबारा असं लिहिलं होतं. भारताच्या घड्याळात तास पुढेमागे होत नाही, म्हणून डबा हलला नाही. दवाखान्याचीही वेळ साडेअकरा. या घरात दोनच घड्याळं भारताच्या वेळेवर होती, एक माझं आणि एक डब्याचं.

"मग पिन काढल्यावर कसं चालू झालं?" मी विचारलं.

तो म्हणाला, वीज गेली की डबा वेळ विसरतो. नव्याने नेटवर विचारून घ्यायला त्याला दोन-चार मिनिटं लागतात. तोवर त्याला वार, तारीख, काहीच माहीत नसतं, म्हणून तो काही बंद करत नाही.

रविवारीच पिन काढली असती तर. तो म्हणाला, "सॉरी, आई." मी म्हणाले, "सॉरी राहू दे. पासवर्ड वहीत लिहून दे. मोठ्या अक्षरात."

अक्का नळी लावून नऊ दिवस होती. गुरुवारपासून रोज सातला फोन लागला, एकदाही तुटला नाही. मी रोज विचारलं, "माझं काय? काय सांगत होतीस?" पहिले दोन दिवस तिने डोळे उघडले. भाच्याने हातात पेन दिलं, ते बोटांतून निसटलं. मग तिने डोळे उघडले नाहीत, तरी मी विचारत राहिले. दहाव्या दिवशी फोन भाच्याने केला, सातच्या आधी.

"तुझं" च्या पुढे काय होतं ते मला माहीत नाही. ती मला शिव्याही देत असेल. सांगलीच्या कपाटात माझी एक पैठणी आहे, तिचं काही असेल. भाचा म्हणतो, "मावशी, तिने तुला माफ केलं असणार." मी त्याला म्हटलं, मनाने काही सांगू नकोस.

मराठीचा तास आता सहा ते सात, नीट चालतो. मुलाने डबा इथल्या वेळेवर आणला. माझं भिंतीवरचं घड्याळ मी हलवलेलं नाही. त्यात साडेअकरा वाजले की मी उठून डब्याचे दिवे बघून येते. हिरवे असतात.