खडूच्या रेषा

शिंपीणबाईंचा नवरा जाऊन वर्ष झालं. दुकानात तो कापायचा, त्या शिवायच्या. कात्रीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "वहिनी, दुकान विका, डोक्याला ताप नको," दीर म्हणाला. माणूस गेला की शहाणपण शिकवायला नातेवाईक हजर! बाईंनी ऐकलं नाही. त्या स्कूटर शिकल्या, दोनदा आपटल्या, परगावी एकट्या जाऊन कापड घेऊन आल्या आणि पहिल्याच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापून बसल्या.

"गिऱ्हाईकाला दोन डावे हात आहेत का?" दिरानं विचारलं. त्याही हसल्या.

एक कापड मात्र त्यांनी घडी करून जपलं होतं. शाळेतल्या मास्तरांच्या कोटासाठी नवऱ्यानं त्यावर खडूनं आखलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग मास्तर आजारी पडले आणि कोट तसाच राहिला.

आज ते काठी टेकत आले. "बाई, कोट लवकर द्या. फार दिवस घालायचा नाहीये मला."

बाईंनी त्यांच्या छातीला टेप लावली. मास्तर निम्मे उरले होते. नवऱ्याच्या रेषा आता कुणाच्याच मापाच्या नव्हत्या.

"काय झालं?"

"काही नाही. हात वर करा."

माप घेऊन त्यांनी कापड पसरलं, ब्रश उचलला आणि रेषा झटकून टाकल्या. नीट निघेपर्यंत झटकल्या.