बर्फ वितळायच्या आत

माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या नगरा वस्तीत दारोदार जाऊन पोरांना पोलिओचे थेंब पाजते आहे. आमच्या दारावरही थेंब पाजून झाल्याची तिच्या खडूची खूण असायची. नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी कॉलेजने तिची फेरी मध्येच थांबवून तिला सत्काराला बोलावलं. लशीची निळी पेटी मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली. पाहुणे प्राचार्यांच्या खोलीत समोसे खात होते. तिला बसवून ठेवायचं काम आमच्या सरांनी माझ्याकडे दिलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सरांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. "बस पाँच मिनट, अम्माजी," असं मी तीनदा खोटं बोलले.

ती सारखी झाकण बोटभर उघडायची, आतला बर्फ चाचपायची आणि कोपराने झाकण दाबायची. शेवटी ती उठलीच.

"अरे, बैठिए तो! शाल मिलेगी आपको," मी म्हणाले.

"बिटिया, बरफ पिघल गई तो दवा बेकार. फिर बच्चों को का शाल पिला दूँ?"

सगळ्यांदेखत ती तरातरा निघून गेली.

पाहुणे आल्यावर सर मला म्हणाले, "तुम बैठ जाओ उसकी जगह." मी बसले. शाल घातली गेली, टाळ्या वाजल्या. तो फोटो अजून कॉलेजच्या भिंतीवर आहे. खाली लिहिलं आहे, 'निःस्वार्थ सेवा का सम्मान'.

सरांचा राग येतोच. पण फोटोत मी हसते आहे, त्याचा जास्त येतो.