कन्नड कळणारं टर्कीचं पिल्लू

आता तुमच्यापासून काय लपवायचं? झूऑलॉजीत बी.एस्सी. केलेल्या एका मुलीनं टर्कीच्या पिल्लाला कन्नड कळतं असं भर घरात जाहीर केलं, आणि ती मुलगी मीच. आधी हसून घ्या. चहा तेवढा सांडू नका.

माझी मैत्रीण गिरिजा अक्कलकोटकडची. त्यांच्या मळ्यात टर्क्या आहेत. रानमांजरानं एका टर्कीचा आणि तिच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा फडशा पाडला, एकच कसंबसं उरलं. त्यात गिरिजाच्या घरी भावाचं लग्न, दारात मांडव. कुणाच्या तरी पायाखाली येईल म्हणून तिनं फोन करून विचारलं, चार दिवस कुणी सांभाळेल का? मी म्हटलं, माझ्याकडे दे. मी शिकले काय उगाच?

ही पहिली चूक. पुढच्या मोजत बसू नका.

बुटाच्या खोक्यातून ते सोलापुरात आलं. लिंबाएवढं डोकं, काडीसारखे पाय, आणि आवाज असा की गल्लीतल्या म्हशीनं वळून बघावं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोक्यात डोकावून पाहिलं.

"ह्या घरात लिंगपूजा होते," ते म्हणाले. "आणि तू कोंबडं आणलंस?"

"कोंबडं नाही अप्पा, टर्की आहे."

"म्हणजे परदेशी कोंबडंच की."

झालं. आता ते पिल्लू जगवणं हा माझ्या इज्जतीचा प्रश्न झाला. मी नियम लावले. कुणी शिवायचं नाही, डोकवायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पिल्लाला ऊब हवी म्हणून ऐन उन्हाळ्यात खोक्यावर बल्ब लावला आणि वारा लागू नये म्हणून हॉलचा पंखा बंद केला. सोलापुरात. मे महिन्यात. तुम्ही हे दुसऱ्या कुणाला सांगू नका, येड्यात काढतील मला.

पण पिल्लू काही खाईना.

दुकानातून पिल्लांचा भरडा आणला. नाही. भिजवलेली लापशी दिली, त्यात पाय घालून ते उभं राहिलं. कांद्याची पात बारीक चिरून दिली, तिच्यावर झोपलं. अव्वानं, माझ्या आईनं, कडक भाकरीचा चुरा करून दिला. त्याच्याकडे तर त्यानं असं पाहिलं, जसं काही आम्ही त्याचा अपमान केलाय. चोच बुडवून दिली तर पाणी तेवढं प्यायचं.

मला माहीत होतं, अंड्यातला बलक पोटात असतो तोवर पिल्लू तग धरतं. तो संपला की संपलं. ओरडणं तासागणिक बारीक होत चाललं होतं.

अव्वा म्हणाली, "आई नाही बघ त्याला. खायचं कसं ते दाखवणार कोण?"

"अव्वा, खाणं उपजत असतं. पुस्तकात आहे तसं. तू मध्ये बोलू नको."

पुस्तक पिल्लानं वाचलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग दुपारी अप्पांनी गुपचूप पंखा लावला. मी भरड्याची ताटली पुढ्यात घेऊन खोक्याशी उकिडवी बसले होते. माझा ताबाच सुटला. आता आमच्या घरात बोलणं मराठीत आणि भांडण कन्नडमध्ये असतं. का, ते विचारू नका, पण माझ्या जन्माआधीपासून तसंच आहे. मी अप्पांना कन्नडमध्ये जे काही सुनावलं! तुम्हाला कुणाच्या जिवाची पर्वा नाही, पंख्याशिवाय एक दुपार काढवत नाही, नुसतं देव-देव करता. अप्पाही मागे हटणारे नव्हेत. भांडताना आपटायच्या सवयीचं माझं बोट ताटलीवर आणि त्यांचा हात हवेत, असं आमचं चाललं होतं.

तेवढ्यात अव्वा म्हणाली, "गप बसा दोघं. ते खातंय."

आम्ही गप्प झालो. खरंच, दोन-चार दाणे टिपले होते त्यानं. आम्ही गप्प झालो आणि ते थांबलं.

आणि इथं माझ्या बी.एस्सी.नं घात केला. मी वाचलं होतं, पिल्लं अंड्यात असल्यापासून आवाज ओळखतात. गिरिजाची आई टर्क्यांना कन्नडमध्येच हाका मारते. म्हणजे काय? मी घरात व्याख्यानच दिलं. पिल्लाची मातृभाषा कन्नड आहे आणि आपण मूर्ख त्याच्याशी मराठीत बोलतोय!

त्यानंतर आमच्या हॉलमध्ये जे झालं ते मी कुणाला शूट करू दिलं नाही, हे माझं नशीब. अप्पांना मी खोक्यासमोर मांडी घालून बसवलं. परवापर्यंत ज्याला कोंबडं म्हणत होते त्याला ते गोड आवाजात विनवू लागले, "ऊटा माडु, मगा." जेव रे बाळा. बाळ ढिम्म. गिरिजाच्या आईला फोन करून तिची हाक रेकॉर्ड करून मागवली. मागे सनई वाजत होती, ती बिचारी मुलाच्या हळदीतून उठून टर्कीला बोलावत होती. ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवसापर्यंत वाजवलं. समोरच्या तेलुगू मावशी दारातून म्हणाल्या, तेलुगूत बोलून बघू का? आणि मी, पदवीधर बाई, त्यांना चक्क आत बोलावलं.

एक दाणा खाल्ला नाही त्यानं.

संध्याकाळी त्यानं मान टाकली. डोळे मिटायला लागलं. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो. मी अप्पांवर उखडले. तुम्ही मनापासून बोलतच नाही, तुमच्या कन्नडमध्ये मायाच नाही, असं म्हणत मी ताटलीवर बोट आपटायला लागले.

पिल्लानं डोळे उघडले. मान वर केली. लटपटत आलं आणि माझ्या बोटाशेजारचा दाणा टिपला. मग दुसरा. मग तिसरा.

अव्वानं माझं मनगट धरलं. पिल्लू थांबलं. तिनं सोडलं. भांडायचं सुचेना, पण बोट सवयीनं खाली आपटलंच. पिल्लू खायला लागलं.

"ते तुझं कन्नड ऐकत नाहीये," अव्वा म्हणाली. "तुझं बोट बघतंय. आई अशीच चोच आपटून दाखवते, इथं दाणा आहे म्हणून."

भांडताना आपटणाऱ्या माझ्या ज्या बोटाला आख्खं घर वैतागलेलं, ते त्या पिल्लाला आईची चोच वाटत होतं. आणि मी दोन दिवस त्याला उपाशी ठेवून भाषेचा अभ्यास करत होते.

बरं, नुसतं शांतपणे बोट आपटून भागेल म्हणाल, तर तेही नाही. मी करून पाहिलं. सावकाश टकटक केली की ते माझ्याकडे नुसतं बघत बसे. चिडल्यावर बोटाला जो वेग येतो, तोच त्याला पटायचा.

सकाळी मी मान खाली घालून अप्पांसमोर उभी राहिले. म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. उगाच बोलले तुम्हाला. इथून पुढं आवाज चढवणार नाही."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग भरड्याची ताटली उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

"माफी मग माग," ते म्हणाले. "त्याची जेवायची वेळ झालीय. आधी भांड."