ट्विला स्लोनचा तिसरा अर्ज

कवळी कायमची घडवण्याआधी दात मेणावर बसवून तोंडात घालून बघावे लागतात. ते मेण तोंडात गेलं की डॉक्टर रॅटलिफ माणसाला साठापासून सत्तरापर्यंत आकडे म्हणायला लावत. साठ, एकसष्ट, बासष्ट. मध्ये कुठे शीळ वाजली की समजायचं, दात चुकले. लॉस्ट फोर्कच्या खोऱ्यातली निम्मी तोंडं त्यांनी चाळीस वर्षांत याच आकड्यांवर बसवली होती.

ट्विला त्यांच्याकडे मदतनीस म्हणून आली आणि दुसऱ्याच वर्षी तिने आकडे बंद केले. तिचं म्हणणं, आकडे म्हणताना माणूस शाळेत उभं केल्यासारखा ताठतो. घरी जाऊन तो थोडाच आकडे म्हणणार आहे? तो भांडेल, प्रार्थना करेल, शेजाऱ्याची निंदा करेल. म्हणून मेणाचे दात बसवले की ती स्टूल ओढून समोर बसे आणि विचारी, "मग, तुमच्या मेहुण्याने ते कुंपण नक्की कुठे घातलं म्हणता?"

माणूस बोलायला लागे. आधी चाचरत, मग रंगून, मग हातवारे करत. तोंडात मेण आहे हे तो विसरून जाई. ट्विलाची नजर मात्र त्याच्या वरच्या ओठावर. शेवटी ती म्हणे, "डावीकडचा दात केसभर लांब झालाय. पण मेहुणा चुकलाच हो." डॉक्टर दारात उभे राहून ऐकत. शाबासकी देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण आकडे त्यांनीही सोडले.

सगळ्या खोऱ्याला बोलतं करणाऱ्या या मुलीला स्वतःबद्दल मात्र एक वाक्य बोलता येत नसे, आणि तिचं सारं घोडं तिथेच अडलं होतं.

तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. नुसती इच्छा नव्हे, ध्यासच तो. त्याचं मूळ होतं तिची ओपल आत्या. आत्या खोलीत शिरायची ती थाटात, नुसत्या पायरवावरून लोकांनी माना वळवाव्यात अशी. आपल्या लग्नाचा किस्सा ती प्रत्येक समारंभात सांगायची. एकोणीस वर्षांची होती ती. लग्नाच्या आधीच्या महिन्यात बापाने तिला गावात नेलं आणि सगळे दात काढून नवी कोरी कवळी करून दिली. नवऱ्याला पुढे खर्च नको, म्हणून लेकीला आहेर. त्या काळी डोंगरात बऱ्याच घरी अशीच रीत होती.

"आणि गंमत सांगू?" आत्या म्हणायची, "त्यातला एकही दुखत नव्हता."

सगळे हसायचे. नऊ वर्षांची ट्विला पहिल्यांदा हसली नाही. ती उठून आरशासमोर गेली आणि आपले दात मोजत बसली.

ध्यास होता, पण गुण नव्हते. कॉलेजातून ती जीवशास्त्राची पदवी घेऊन आली ती चारपैकी २.३ अशा सरासरीने, आणि सेंद्रिय रसायनात लागोपाठ दोन 'डी', म्हणजे जेमतेम पास. एवढ्या गुणांवर दंतमहाविद्यालयाचे लोक अर्जाचं दुसरं पानसुद्धा उलटत नाहीत. तिने दोन वर्षं लागोपाठ अर्ज केला. दोन्ही वेळा तीन ओळींचं पत्र आलं. दोन्ही वेळा तिने ते घडी करून खिशात घातलं आणि दुपारच्या पेशंटसाठी प्लास्टर कालवायला घेतलं.

अर्जात एक चौकट असे. गुणांबद्दल काही खुलासा करायचा असेल तर इथे लिहावा. ट्विलाने ती दोन्ही वेळा कोरी ठेवली.

बाहेरच्याला हे वेडेपण वाटेल. पण लॉस्ट फोर्कमध्ये लहानपणापासून अंगात भिनतं ते असं: घरची अडचण परक्याच्या दारात मांडायची नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, सबब सांगायची नाही. पहिल्या 'डी'च्या परीक्षेच्या दिवशी खरं म्हणजे तिचे आजोबा, रूफस स्लोन, घरात पुढच्या खोलीत शवपेटीत होते. इकडे माणूस गेला की मातीपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. ट्विला तीन दिवस तिथे होती. येणाऱ्यांना कोंबडी आणि मक्याचा पाव वाढत होती. तिकडे परीक्षा होऊन गेली. प्राध्यापकांना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली असती. तिने सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या जिवावर गुण मागायचे, हे तिच्या तोंडून निघालंच नसतं.

दुसऱ्या पत्रानंतरच्या वसंतात, एका मंगळवारी, ओपल आत्याने कुणालाही न विचारता स्वयंपाकघरातला फोन उचलला आणि थेट महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाला लावला.

"बाळा," ती पलीकडच्या बाईंना म्हणाली, "आमच्या पोरीत खोट काय आहे तेवढं सांग. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मला फार थांबायला वेळ नाही."

पलीकडे टॉलिव्हर नावाच्या बाई होत्या. त्या हसू आवरत म्हणाल्या, "आजी, दुसऱ्याच्या अर्जाबद्दल मला बोलता येत नाही. पण ज्याला नकार जातो त्याने स्वतः फोन केला तर आम्ही बसून समजावून सांगतो. फार थोडे लोक करतात."

"म्हणजे विचारलं की सांगता?"

"त्यासाठीच तर मी इथे बसलेय."

आत्या तडक दवाखान्यात आली. पेशंट खुर्चीत होता, तिला त्याचं काय. "ट्विला, तुला एका बाईंना फोन करायचाय. त्यांचा पगारच त्याचा आहे."

ट्विलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आत्या, तू माझ्यासाठी भीक मागितलीस?"

"भीक? पोरी, तू रोज लोकांच्या तोंडात हात घालून त्यांची भांडणं काढून घेतेस. तेव्हा ते भीक मागतात का?"

डॉक्टर रॅटलिफनी हातमोजे काढले. "माझ्या खोलीतून कर," ते म्हणाले. "दार लावून घे."

तो फोन पंचेचाळीस मिनिटं चालला. टॉलिव्हरबाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. विज्ञानाचे विषय पुन्हा घ्या. रसायन तर घ्याच. नुसता 'बी' चालणार नाही, 'ए'च हवा. आणि ती चौकट कोरी ठेवू नका. "कोरी चौकट बघून आम्हाला वाटतं, या माणसाला फरक पडत नाही."

हे शेवटचं वाक्य ट्विलाला लागलं. ज्याला ती आब समजत होती, त्याला तिकडे बेफिकिरी म्हणत होते.

त्यानंतरची दोन वर्षं ती दवाखाना सुटला की पन्नास मैलांवरच्या कॉलेजात जाऊ लागली. सव्वीस वर्षांची बाई एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये. पहिल्या आठवड्यात तिने मनाचा हिय्या करून प्राध्यापकांचं दार ठोठावलं आणि म्हणाली, "मला पहिल्या पानापासून कळलेलं नाही." पुढे रोज दार ठोठावू लागली. सेमिस्टरच्या मध्यावर ते तिला बघून न विचारताच दोन कप कॉफी ओतायला लागले होते. रसायनात तिला ए मिळाला. जीवरसायनात ए. शरीरशास्त्रात ए. प्रवेश परीक्षेतही ती उत्तम गुणांनी पास झाली. राहता राहिली ती चौकट.

दोन हजार चारच्या जूनमध्ये ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. समोर तिचे वडील, एस्टिल स्लोन, बीन्सच्या शेंगा निवडत होते. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. जिना चढला की दोन पायऱ्यांवर थांबणारा.

"डॅडी, मी आजोबांचं लिहिणार आहे."

शेंगा थांबल्या. "घरचं मरण त्या लोकांना कशाला?"

"सबब म्हणून नाही. झालं ते सांगायला."

"ते म्हणतील, पोरगी म्हाताऱ्याच्या आड लपतेय."

"म्हणतील कदाचित."

एस्टिलनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. चार शेंगा निवडल्या, एक टाकून दिली. मग म्हणाले, "लिही. पण नाव पूर्ण लिही. रूफस एलिजा स्लोन. नुसतं आजोबा लिहू नकोस. त्याला नाव होतं."

ऑक्टोबरमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवशी आत्याने तिला आपला निळा कोट घातला. तो खांद्यात थोडा मोठा होता, पण आत्याच्या कोटात माणूस आपोआप ताठ चालतो. टेबलामागे तिघे होते. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पहिल्या डीच्या वेळी आजोबा वारले. वाईट झालं. दुसऱ्या वेळी कोण वारलं होतं?"

डावीकडच्या बाई खुर्चीत चुळबुळल्या. ट्विलाने त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणी नाही, डॉक्टर. दुसऱ्या वेळी मला ते येतच नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटत होती. तो डी सगळाच्या सगळा माझा."

"आणि आता?"

"आता येत नसलं की सांगते. त्यामुळे येतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्या बाईंनी विचारलं, तुमच्या गावाला दाताचे डॉक्टर आहेत ना? ट्विला म्हणाली, "एक आहेत. एकाहत्तर वर्षांचे. आमच्याकडे दात काढून घेणं लोकांना समजतं, बाई. वाचवता येतो हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. मला ते सांगायचंय, आणि ते माझ्या तोंडून ऐकतील, कारण माझं बोलणं त्यांच्यासारखंच आहे." एवढं बोलून ती थांबली. मुलाखत अजून पंधरा मिनिटं चालली, पण ट्विलाला पुढचं काही आठवत नाही.

निकाल डिसेंबरच्या एक तारखेला फोनवर येणार होता. सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्याचा फोन वाजला तेव्हा ट्विला ग्रेसी कोंब्सच्या तोंडाचं माप घेत होती. मापाचा लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नसतो. डॉक्टर रॅटलिफनी फोन उचलला, ऐकलं, आणि शांतपणे म्हणाले, "ती आत्ता येऊ शकत नाही. तिचा हात एका बाईच्या तोंडात आहे." मग म्हणाले, "हो, थांबा. आम्ही नेहमीच थांबतो."

ग्रेसीला बोलता येत नव्हतं. तिने डोळ्यांनी, भुवयांनी, दोन्ही हातांनी दाराकडे खुणा केल्या.

"हलू नकोस, ग्रेसी," ट्विला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात नाही. "हललीस तर परत घ्यावं लागेल. अजून एक मिनिट."

मिनिट पूर्ण झालं. माप स्वच्छ निघालं. एकही बुडबुडा नव्हता. मग तिने हात धुतले, पुसले, आणि फोन घेतला. "हो," ती म्हणाली. "हो, बाई. येते. ऑगस्टमध्ये येते." फोन ठेवला तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत होते, आणि तो पुसून संपतच नव्हता.

वडिलांना तिने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग त्यांनी स्वच्छ टोपी घातली आणि गाडी काढून पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात गेले. तिथे स्टोव्हभोवतीच्या बाकावर गावातले पाचसहा म्हातारे रोज बसलेले असत. एस्टिल जाऊन टोकाला बसले.

आपल्या लेकराचं कौतुक आपण होऊन सांगायचं नाही, हाही खोऱ्याचा नियम. कुणीतरी विचारावं लागतं. आणि कुणीही विचारीना. लाकडांच्या भावावर बोलणं झालं. कुणाच्या तरी कुत्र्यावर झालं. एस्टिलनी दोनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा पाय बदलला. त्यांना कसं कळावं, की ग्रेसी कोंब्स दवाखान्यातून निघाली ती आधी याच दुकानात येऊन गेली होती, आणि बाकावरची सगळी मंडळी तासभर त्यांचीच वाट बघत होती?

"थंडी लवकर पडली यंदा," ओर्विल गेहार्ट म्हणाला.

"पडली," एस्टिल म्हणाले.

"मटाराचं काही खरं नाही."

"डिसेंबरात मटार कुठला, ओर्विल?"

कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. एस्टिल काकुळतीला आले होते. मान ताठ, हात गुडघ्यांवर, आणि डोळे असे की जणू खाणीतून पहिल्यांदाच वर उजेडात आलाय माणूस. अर्धा तास त्यांनी तसा काढला. शेवटी ओर्विललाच राहवलं नाही. त्याने काठीने जमिनीवर एकदा ठोकलं.

"बरं, एस्टिल. घरी सगळं ठीक? पोरगी काय म्हणते?"

एस्टिलनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि सावकाश, एकेक शब्द चाखत, पहिल्या अर्जापासून सांगायला सुरुवात केली.